आधीच्या माणसाचं आडनाव

कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अनस्ट्रिंग नावाचं एक क्रियापद आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षं मी या भाषेवर पोट भरलं, आणि त्या काळात या एका क्रियापदानं मला जितक्या वेळा तोंडघशी पाडलं तितक्या वेळा दुसऱ्या कशानंच पाडलं नाही. काम तसं साधं. एका लांबलचक ओळीत शब्द एकापाठोपाठ ओवलेले असतात, ते सुटे करायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात नेऊन ठेवायचे. उलट दिशेचं क्रियापद स्ट्रिंग, ते सुटे तुकडे एका ओळीत ओवतं. आमच्या क्लासचे सर म्हणायचे, "तुळशीबागेत पोत ओवून देणारा बसतो की नाही, तो स्ट्रिंग. आणि तीच पोत बसच्या गर्दीत तुटून मणी पायाखाली जातात, ते अनस्ट्रिंग नव्हे हां! अनस्ट्रिंग म्हणजे दोरा आपण होऊन कापायचा. काळे मणी एका वाटीत, सोन्याचे दुसऱ्या वाटीत, आणि मोजून."

"मोजून" हा शब्द ते जोर देऊन म्हणायचे. का, ते कळायला मला आठ वर्षं लागली.

क्लास शनिवार पेठेत एका वाड्याच्या माडीवर भरायचा. साल 1996. मी नुकतीच बी. कॉम. झाले होते, आणि पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं: सन 2000 येतंय, जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे ठेवलेत, ते सगळं दुरुस्त करायला कोबोल येणारी माणसं लागणार. पलीकडच्या बिल्डिंगमधला मुलगा सहा महिन्यांचा कोर्स करून अमेरिकेला गेला, तेव्हा माझ्या वडिलांनी फारसं न विचारता फी भरली. सर एका मोठ्या कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणकाच्या, खात्यातून निवृत्त झालेले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हजेरीच्या वहीत खूण म्हणून ठेवलेलं एक जुनं पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून संगणकाला मजकूर द्यायचं कार्ड.

ते कार्ड पहिल्याच दिवशी आमच्या हातांतून फिरलं. पोस्टकार्डापेक्षा लांबट, पिवळसर, बारीक चौकोनी भोकं पडलेलं. त्यात 80 रकाने. आयबीएमनं 1928 साली हे 80 रकान्यांचं कार्ड काढलं, आणि कार्डं गेली तरी ते ऐंशी रकाने आमच्या बोकांडी बसले ते बसलेच. कोबोलची ओळ जुन्या पद्धतीनं लिहायची तर पहिले 6 रकाने ओळीच्या क्रमांकाला, 7वा खुणेला, 8पासून 72पर्यंत खरा मजकूर, आणि 73च्या पुढे जे लिहाल ते कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, वाचतच नाही. तिथे शिव्या लिहिल्या तरी चालतं. (एकानं लिहिल्या होत्या. पाच वर्षांनी क्लायंटनं छापील लिस्टिंग मागितलं तेव्हा धावपळ झाली.)

हे सांगायचं कारण असं, की कोबोल जन्मली त्या जगात मजकूर तोडायची गरजच नव्हती. 1959च्या मे महिन्यात अमेरिकेत पेंटागॉनमध्ये बैठक झाली, कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर चालेल अशी धंद्याच्या हिशेबाची एक सामाईक भाषा हवी असं ठरलं, आणि ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेवरून बरंचसं उचलून ती भाषा उभी राहिली. इंग्रजी वाक्यासारखी वाचता येणारी, शेवटी पूर्णविराम देणारी. तिचा डेटा असायचा चाळीसारखा. पहिल्या खोलीपासून दहाव्या खोलीपर्यंत खातेक्रमांक, अकराव्यापासून पन्नासाव्यापर्यंत नाव, त्यापुढे रक्कम. खोलीत कुणी राहत नसलं तरी खोली आहेच. दारावर पाटी नको, मधे कुंपण नको. कितवी खोली हाच पत्ता.

मग बाहेरून वेगळ्या वळणाचा मजकूर यायला लागला. ज्यात खोल्या ठरलेल्या नाहीत, एक संपलं की स्वल्पविराम, मग दुसरं. तो आधी कसा तोडत असत, तेही सरांनी फळ्यावर करून दाखवलं. चाळीस अक्षरांच्या ओळीला रिडिफाइन्स (त्याच जागेची नव्यानं वाटणी) लावून एकेका अक्षराचे चाळीस तुकडे करायचे, आणि लूप लावून एकेक तपासत जायचं. वहीची दीड पानं भरली. 1974च्या मानकात स्ट्रिंग, अनस्ट्रिंग आणि इन्स्पेक्ट ही तीन क्रियापदं आली, आणि त्या दीड पानाच्या पाच ओळी झाल्या. सरांनी फळा पुसला, पाच ओळी लिहिल्या. खऱ्या प्रोग्रॅममध्ये हे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असतं, पण वाचायचं असंच:

अनस्ट्रिंग पूर्ण-नाव
डिलिमिटेड बाय ऑल स्पेस
इन्टू पहिलं-नाव मधलं-नाव आडनाव
विथ पॉइंटर जागा
एंड-अनस्ट्रिंग.

म्हणजे काय, तर पूर्ण-नाव घे, मोकळी जागा दिसली की तोड, लागोपाठ कितीही मोकळ्या जागा असल्या तरी त्या एकच धर, आणि तुकडे या तीन खणांत ठेव. 'जागा' नावाच्या आकड्यात, म्हणजे पॉइंटरमध्ये, कितव्या अक्षरापर्यंत आलो ते लिहीत जा. वाचताना इतकं सोपं वाटतं की माणूस गाफील राहतो.

मी राहिलेच. पहिल्याच प्रॅक्टिकलला वीस नावांची फाइल तोडायची होती. प्रोग्रॅम एका झटक्यात कंपाइल झाला, चालला, आणि प्रिंटरनं वीस ओळी काढल्या. वीसही ओळींत एकच नाव. सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "अरे वा. मतदारयादी आहे का ही?"

झालं असं होतं, की पॉइंटर मी सुरुवातीला 1 ठेवला होता. पहिलं नाव तोडून झालं तेव्हा तो 41वर पोहोचला. नावाची ओळ चाळीसच अक्षरांची. दुसरं नाव आलं, अनस्ट्रिंगनं पॉइंटर पाहिला, इथून पुढे वाचायला काहीच नाही असं ठरवलं, आणि एकाही खणाला हात न लावता निमूट पुढे गेलं. खणांत पहिल्याच माणसाचं नाव होतं, तेच छापलं गेलं. ना एरर, ना अबेंड, म्हणजे प्रोग्रॅम मधेच कोसळणं. कोबोलमध्ये आकड्याच्या जागी अक्षर आलं आणि तुम्ही बेरीज करायला गेलात, तर मेनफ्रेम, म्हणजे मोठा संगणक, एस-झीरो-सी-सेव्हन नावाचा एरर देऊन रात्री दोन वाजता तुम्हाला उठवतो. तो त्रास असतो, पण निदान प्रामाणिक असतो. अनस्ट्रिंगची चूक कुणाला उठवत नाही.

दुसऱ्यांदा ते मला भेटलं नोकरीत, एका अमेरिकन विमा कंपनीच्या कामात. एजंटांकडून फाइल यायची, स्वल्पविरामांनी तोडलेली: आडनाव, पहिलं नाव, मधल्या नावाचं एक अक्षर, शहर, राज्य, झिप (त्यांचा पिनकोड). टीममधल्या एका नव्या मुलानं नावं तोडायचं जुनं वाक्य उचललं, स्पेसच्या जागी स्वल्पविराम घातला, आणि 'ऑल' तसाच ठेवला. मी ते तपासलं आणि पास केलं, त्यामुळे चूक माझीसुद्धा. ज्याला मधलं नाव नाही त्याच्या ओळीत दोन स्वल्पविराम शेजारीशेजारी येतात. त्यांच्या मधला रिकामेपणा हीच तिथली माहिती असते. 'ऑल' म्हटलं की अनस्ट्रिंग ते दोन स्वल्पविराम एकच धरतं, आणि पुढचं सगळं एकेक घर डावीकडे सरकतं. मधल्या नावाच्या एका अक्षराच्या खणात 'बोस्टन' गेलं आणि त्याचा फक्त 'बी' उरला. स्मिथ जॉन बी. किती खरं वाटतं! कुणाच्याही नजरेतून सुटलं असतं. राज्याच्या दोन अक्षरांच्या खणात झिपमधले '02' जाऊन बसले, तसं काही राज्य कोष्टकात सापडेना, म्हणून आम्ही वाचलो. मोकळ्या जागांना 'ऑल' लावायचा, स्वल्पविरामांना चुकूनसुद्धा लावायचा नाही, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगायचे.

एक गंमत सांगते. त्याच सुमारास आमच्या एका देशी कामासाठी पुण्यातले पत्ते तोडायला आले. सहा खण ठेवले होते. पहिलाच पत्ता: घर नंबर, वाड्याचं नाव, अमक्या दत्तमंदिरासमोर, तमक्या डेअरीच्या वर, जुन्या पिठाच्या गिरणीची गल्ली, सदाशिव पेठ, पुणे, 411030. सात स्वल्पविराम. आमच्या माणसाला पत्ता लिहायचा नसतो, पाहुण्याचा हात धरून त्याला घरापर्यंत आणायचं असतं. त्यात शहाणा एकच, शेवटचे सहा आकडे. पिनकोड 15 ऑगस्ट 1972ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्या सहा आकड्यांत कुठेही टिंब नाही, रेघ नाही. पहिल्या आकड्यावरून विभाग, पहिल्या तिन्हींवरून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटच्या तिन्हींवरून पोस्ट ऑफिस. कितव्या जागेवर कोणता आकडा, यातच सगळं. म्हणजे पुन्हा आमची चाळच. कोबोलवाल्याला पिनकोड बघून जे बरं वाटतं ते इतरांना समजावून सांगता येत नाही.

आता तिसरं. 2004 साल. मी तेव्हा एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि आमच्याकडे एका सहकारी बँकेचं काम होतं. बँकेचा जुना डेटा एका प्रणालीतून दुसरीत न्यायचा. जुन्या प्रणालीत खातेदाराचं नाव एकाच चाळीस अक्षरांच्या खणात, इंग्रजी कॅपिटलमध्ये. नव्या प्रणालीला तीन खण हवे. प्रोग्रॅम मी लिहिला. पॉइंटर घेतलाच नाही, म्हणजे तो विसरायचा प्रश्न नाही. 'ऑल स्पेस' बरोबर लावला. पाच-पन्नास नावं डोळ्यांनी तपासली. शनिवारी रात्री फाइल चालवली, सोमवारी बँक उघडली.

गुरुवारी शाखेतून फोन आला. सातारा जिल्ह्यातली शाखा. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मॅडम, एकदा येऊन जा. जगताप बाई ऐकत नाहीयेत." मी एसटीनं गेले.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई, निवृत्त. (नाव बदललंय, गाव सांगत नाही.) मॅनेजरच्या टेबलासमोर ताठ बसलेल्या, पर्स मांडीवर, नवं छापील पासबुक उघडून टेबलावर. त्यांनी नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. सुमन जगताप शेलार.

"हे शेलार कोण?"

"बाई, आमच्या प्रोग्रॅमची चूक आहे. तुमचं काहीच..."

"माझं नाव सुमन जगताप. दोनच शब्द. नवऱ्याचं नाव मी 1981 साली काढलं, गॅझेटात छापून आणलं. तेव्हा याच बँकेतला क्लार्क मला म्हणाला होता, बाई, मधे काहीतरी लिहावंच लागतं. मी म्हटलं, रिकामं ठेवा. तेवीस वर्षं रिकामं राहिलं. आणि तुझ्या मशीननं एका रात्रीत मला शेलारांच्यात देऊन टाकलं!"

मागे काउंटरवर कुणीतरी खाकरलं. मला नंतर कळलं की गल्लीच्या टोकाला शेलार राहतात आणि सकाळी बाईंकडे दूध घालतात.

मी शाखेतल्याच मशीनवर फाइल उघडली. बाईंच्या खात्याच्या बरोबर आधीचं खातं विठ्ठल बाबू शेलार. तेव्हा एका क्षणात सगळं डोळ्यांसमोर आलं. अनस्ट्रिंगनं 'सुमन' पहिल्या खणात ठेवलं, 'जगताप' दुसऱ्यात. त्यापुढे ओळीच्या शेवटापर्यंत नुसत्या मोकळ्या जागा, त्या 'ऑल'नं एकदम ओलांडल्या. ओळ संपली. तिसऱ्या खणात ठेवायला काहीच नाही, म्हणून अनस्ट्रिंगनं तिसऱ्या खणाला हातच लावला नाही. ते खण रिकामं करत नाही. तसं कुणी सांगितलेलं नाही. मघाशी तिथे शेलार होते, ते तसेच राहिले.

नियम म्हणून हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं असतं. पण आपल्याकडे नाव म्हणजे तीन शब्द असतात, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की तो नियम लागू पडेल असं मनातच आलं नाही.

बाईंना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. तीन खण, एकापाठोपाठ एक माणसं, तिसऱ्यात काही आलं नाही तर आधीचं राहतं. त्या ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे फळा न पुसता पुढचा तास घेतलास."

इतक्या वर्षांत याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

परत येऊन सगळी फाइल चाळली. दोनशेच्या आसपास खाती अशी निघाली. पहिल्यांदा हसू आलं. महालक्ष्मी ट्रेडर्स नावाच्या दुकानाला कांबळे आडनाव लागलं होतं. एक खातं नुसत्या एका शब्दाचं होतं. त्याला आधीच्या माणसाच्या वडिलांचं नावही मिळालं आणि आडनावही, म्हणजे तो आधीच्याचा सख्खा भाऊच झाला. मग हळूहळू यादी वेगळी दिसायला लागली. दुकानं वगळली तर उरलेली दोन शब्दांची माणसं कोण होती? बाईंसारख्या नवऱ्याचं नाव टाकून दिलेल्या. नवऱ्यानं टाकून दिलेल्या. बापाचं नाव न लावणारे एक-दोघं. काही मुसलमान आणि ख्रिस्ती खातेदार, ज्यांच्या घरी आपल्यासारखं वडिलांचं नाव मधे घालायची रीत नव्हती. ज्यांनी एक जागा मोकळी ठेवली होती, किंवा ज्यांच्याकडे ती जागा नव्हतीच, नेमक्या त्यांच्याच नावात माझ्या प्रोग्रॅमनं शेजारच्याला घुसवलं होतं. तीन शब्दांच्या माणसाला केसभरही धक्का नाही.

दुरुस्ती तीन ओळींची. अनस्ट्रिंगच्या आधी तिन्ही खणांत स्पेस भरायच्या, म्हणजे फळा पुसायचा. 'टॅलीइंग' लावायचं, म्हणजे किती खण भरले ते अनस्ट्रिंग आपल्याला मोजून देतं (आणि तो मोजणीचा आकडासुद्धा आधी आपणच शून्य करायचा, तेही ते स्वतःहून करत नाही). मोजणी 2 आली तर दुसऱ्या खणातलं उचलून आडनावात ठेवायचं आणि मधला रिकामा करायचा. सर "मोजून" म्हणायचे ते हेच. मी त्यांना फोन केला होता, ते म्हणाले, "किती खाती?" मी सांगितलं. "कमी आहेत," म्हणाले.

पण तीन ओळींनी बँकेचं काम भागलं, नावांचं नाही. दोन शब्द आले तर दुसरा आडनावच असेल कशावरून? आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, त्यामुळे कित्येक जण आयुष्यभर फॉर्मवर आडनावच आधी लिहितात. शंकरराव एकत्र लिहायचं की शंकर राव? लक्ष्मीबाईंमधली बाई सुटी झाली तर ती मधल्या खणात जाऊन बसते आणि आडनावाच्या खणात नवरा. राजे भोसले असतील तर राजे हे वडिलांचं नाव ठरतं, गोरे पाटलांचे वडील गोरे. 'कै.' लावलेली खाती तर विचारूच नका; आमच्या फाइलमध्ये 'कै' हे पहिलं नाव असलेली बरीच माणसं होती आणि त्यांतल्या काहींच्या नावे व्याज जमा होत होतं. माझ्या शेजारी बसणारा तमिळ सहकारी हे सगळं बघून म्हणाला, तुमच्याकडे निदान तीन खणांचा आग्रह तरी आहे, माझं आडनाव विचारलं की मी दर वेळी नवीन काहीतरी सांगतो.

पहिलं, मधलं, शेवटचं हे तीन चौकोन मुळात आपले नाहीतच. ते फॉर्मबरोबर आले. आपण त्यात बापाला मधे बसवलं आणि नवं लग्न झालं की त्याला उठवून नवऱ्याला बसवलं. माझ्या स्वतःच्या मधल्या खणातही 1999 साली बदल झाला, आणि तेव्हा मी एकदाही थांबून विचार केला नाही. मूव्ह, म्हणजे कोबोलमध्ये खणात नवा मजकूर ठेवणं, आणि झालं.

मागच्या वर्षी मी नोकरी सोडली. कोबोल सुटली नाही. ग्नूकोबोल नावाचा फुकट कंपायलर मिळतो, तो लॅपटॉपवर टाकून ठेवलाय. काही बायका दुपारी शब्दकोडं सोडवतात तसं मी त्यात काहीबाही करते. परवा भाचीनं व्हॉट्सॲपवर तिच्या मुलीच्या जन्मदाखल्याचा फोटो पाठवला. ईरा मुग्धा केदार साठे. चार शब्द. महाराष्ट्रात 1 मे 2024पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आता हाच क्रम आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली भाचीनं लिहिलं होतं, "आत्या, शाळेच्या फॉर्मला तीनच बॉक्स आहेत. कुठे काय घालू?"

मी ते नाव तसंच, देवनागरीत, फाइलमध्ये घातलं आणि 1996ची ती पाच ओळींची अनस्ट्रिंग चालवली. तीन खण, प्रत्येकी पंधरा जागांचे, जसे जुन्या प्रोग्रॅममध्ये असायचे. फक्त नावाची ओळ चाळीसपेक्षा मोठी केली, पूर्ण नाव मावावं म्हणून. पॉइंटर 1 केला. खण पुसून घेतले. बाईंची आठवण ठेवून.

पहिलं नाव: ईरा.
मधलं नाव: मुग्ध.
आडनाव: केदार.

साठे बाहेर राहिले. खण तीन, शब्द चार. तीन भरले की अनस्ट्रिंग थांबतं, आणि 'ऑन ओव्हरफ्लो' लिहिलं नसेल तर शब्द उरला हे सांगतही नाही. आणि मुग्धाचा काना गेला, कारण यूटीएफ-8मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे खणातल्या तीन जागा, लागतात. म, उकार, ग, हलन्त, ध, काना, असे अठरा झाले आणि खण पंधराचा. शेवटचे तीन कापले, तो नेमका काना. 'काउंट इन' लावून पाहिलं तर त्यात बरोबर 18 आले. म्हणजे अनस्ट्रिंगनं अठराही वाचले होते. किती वाचले ते विचारलं तर सांगतं, पण ठेवताना खणात मावेल तेवढंच ठेवतं.

स्क्रीनचा फोटो काढून भाचीला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "मला पुरुष का केलंस?" पाठोपाठ जावयांचं: "आडनाव केदार चालेल. मला आवडलं." मग पुन्हा भाचीचं: "खरंच, साठे नाही घातलं तर काय होईल?"

याला उत्तर लिहिलं नाही. चौथा खण जोडला, सगळे खण तीस-तीसचे केले. मग म्हटलं, उद्या कुणाचं पाच शब्दांचं नाव आलं तर? म्हणून एंड-अनस्ट्रिंगच्या आधी 'ऑन ओव्हरफ्लो' लिहिलं, त्यापुढे 'डिस्प्ले' लिहिलं, अवतरणचिन्ह उघडलं, आणि आत काय छापावं ते सुचेना. कर्सर तिथेच लुकलुकत ठेवून मी चहा टाकायला उठले.